चार बोटांची फौज

दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांतील मुलांस दोन गोष्टींची घाई होते. एक फराळाची व दुसरी किल्ल्याची. अंगणाचा कोपरा मिळाला तर उत्तम, न मिळाला तर गच्चीचा, आणि तोहि नसेल तर जिन्याखालचा. परंतु दगडविटांचा सांगाडा रचून, त्यावर चिखलांत भिजविलेलें गोणपाट पसरून, हळीव व मोहरी पेरून किल्ला उभा राहिलाच पाहिजे, हा नियम अजून मोडलेला नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें महाराष्ट्रांतील अकरा व तामिळनाडूंतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, तेव्हांपासून तर मुलांच्या या उद्योगास अधिकच प्रतिष्ठा आली आहे. किल्ला कसा बांधावा याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्यावर उभ्या राहणाऱ्या चार बोटें उंचीच्या फौजेविषयीं, आणि ती रंगवावी कशी याविषयीं लिहिणारे मात्र थोडे. आजचें लिखाण तेवढ्यापुरतेंच आहे.

या लिखाणास निमित्त झाला आमचा नातू. तो चौदा वर्षांचा आहे. त्यानें वाढदिवसाच्या पैशांतून एक परदेशी खोका मागविला. आंत करड्या प्लास्टिकचे सुटे हातपाय, मुंडकीं, ढाली आणि परशु होते. ते चिकटवून झाल्यावर जें सैन्य उभें राहिलें तें पाहून घरांतील बायकांनीं कपाळास हात लावला. सुळे बाहेर आलेले, पाठींत वांकलेले, अंगठ्याएवढे राक्षस! "दिवाणखान्यांत हीं भुतें कशाला रे बाबा?" असें त्याच्या आजीनें विचारलें. त्यावर तो म्हणाला, "आजी, हीं भुतें नाहींत, ही माझी फौज आहे. ही रंगवायची असते."

चौकशी केली तेव्हां असें समजलें कीं, हा खेळ टेबलावर खेळावयाचा. दोघांनीं आपापलें सैन्य मांडावयाचें, पट्टीनें अंतर मोजून तें पुढें सरकवावयाचें आणि चकमकीचा निकाल फांसे टाकून लावावयाचा. या खेळाची वंशावळ मनोरंजक आहे. रायस्विट्झ नामक तरुण अधिकाऱ्यानें बसविलेला नकाशावरील युद्धखेळ प्रशियाच्या लष्करानें १८२४ मध्यें अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला. पुढें इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स यानें १९१३ मध्यें 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकांत खेळण्यांतले सैनिक घरांतील जमिनीवर मांडून लढविण्याचे नियम छापले. १९८३ मध्यें इंग्लंडांत 'वॉरहॅमर' नांवाचा खेळ निघाला, आणि त्यांत माणसांच्या जोडीस राक्षस, बुटके व पिशाच्चें आलीं. आमच्या नातवाची फौज याच कुळांतली.

पटावर सैन्य मांडून लढण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांचें चतुरंग बाणभट्टाच्या काळीं, म्हणजे सातव्या शतकांत, इतकें परिचित होतें कीं हर्षचरितांत त्यावर श्लेष साधलेला आहे. राक्षसांचेंहि आपणांस वावडें असण्याचें कारण नाहीं. भीमाचा पुत्र घटोत्कच हा राक्षसच. पण तो पांडवांच्या बाजूनें लढला आणि कर्णाची शक्ति आपल्या अंगावर घेऊन पडला. बिभीषणाची गोष्ट तर प्रत्येक घरांत मुलांस सांगितली जाते. तेव्हां राक्षस म्हणजे शत्रु असें समीकरण आपल्या पुराणांनींहि कधीं मांडलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां रंगविण्याकडे वळूं. नातवाची पद्धत मी आठ दिवस शेजारीं बसून पाहिली आणि ती आमच्या मातीच्या मावळ्यांस लावून पाहिली. तिच्यांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे. बाजारांत रंगविलेले मावळे मिळतात, पण कुंभाराकडे लवकर गेल्यास कोरेहि मिळतात, ते घ्यावे. शाडूचा असो वा प्लास्टरचा, प्रत्येक मावळ्याच्या दोन्ही कुशींस साच्याची एक बारीक शीर उठलेली असते. ती पॉलिश पेपरनें हलकेच घांसून काढावी व धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. ही शीर तशीच ठेवली तर वर कितीहि सुंदर रंग दिला तरी मावळा दोन तुकडे जोडल्यासारखा दिसतो.

त्यानंतर अस्तर. माती व प्लास्टर दोन्ही पाणी शोषून घेतात. म्हणून उघड्या मातीवर दिलेला रंग मलूल पडतो. आमच्या लहानपणीं खडूची पूड डिंकाच्या पाण्यांत कालवून हें अस्तर देत असत. आज पांढऱ्या पोस्टर रंगांत थोडें फेव्हिकॉल व पाणी घातलें कीं काम भागतें. तें पूर्ण वाळूं द्यावें. मुलांचा धीर येथेंच सुटतो, म्हणून अस्तर सायंकाळीं द्यावें आणि मुलांस झोंपावयास पाठवावें.

मूळ रंग देतांना एकच नियम पाळावा: एक जाड थर देण्यापेक्षां दोन पातळ थर द्यावे. चार बोटांच्या मावळ्याचें नाक तें केवढें! जाड रंगाच्या एका फटकाऱ्यांत तें बुजतें, बोटें एकमेकांस चिकटतात आणि पागोट्याचे पीळ नाहींसे होतात. रंग वाळले कीं तपकिरी रंगांत किंचित् काळा घालून, तो चहाच्या पाण्याइतका पातळ करून सर्वांगावर सोडावा. हें पाणी आपोआप खळग्यांत उतरतें. अंगरख्याच्या चुण्या, कमरेचा शेला, दाढीचे केंस यांत जाऊन बसतें व छाया उत्पन्न करितें. तें वाळल्यावर कुंचल्यास थोडा फिकट रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ सर्व पुसून टाकावा आणि तसा कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवावा. खळग्यांत अंधार आणि उंचवट्यांवर उजेड, एवढें साधलें कीं मातीच्या बाहुलीस अंग येतें.

मावळा हातांत धरून रंगवूं नये. घामानें रंग निघतो. त्याच्या बैठकीखालीं चिकणमातीचा गोळा लावून तो एखाद्या दांडीवर बसवावा. आमच्या भिवंडींत यंत्रमागाच्या रिकाम्या कांड्यांस तोटा नाहीं. त्या या कामीं फार सोयीच्या. कुंचला शून्य नंबरचा असावा. पण तो बारीक असण्यापेक्षां त्याचें टोंक शाबूत असणें महत्त्वाचें. तो पाण्याच्या पेल्यांत उभा ठेवूं नये, टोंक वांकतें. दोन्ही कोपर टेबलावर टेकावे. डोळे सर्वांच्या शेवटीं उघडावे; मूर्तिकारहि नेत्रोन्मीलन शेवटींच करितो. आधीं पांढरा ठिपका व त्यांत काळा ठिपका असें केलें तर मावळा घाबरल्यासारखा टकमक पाहूं लागतो. त्याऐवजीं आधीं गडद तपकिरी रेघ ओढावी आणि तिच्या दोन्ही टोंकांस केंसभर पांढरा लावावा. मध्यें जें उरतें तेंच बुबुळ.

हें सर्व ठीक. परंतु मला अधिक कुतूहल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. नातवानें एका राक्षसावर दोन सायंकाळी घालविल्या. दुसरा घेतला तेव्हां त्याच्या कातडीचा रंग मुद्दाम वेगळा केला. एकास जुन्या जखमेचा व्रण दिला, एकाचा पट्टा उसवलेला दाखविला, एका म्हाताऱ्याच्या भुंवया पांढऱ्या केल्या. मी विचारलें, "अरे, हे राक्षसच ना? मग एकदम एकच रंग कां देत नाहींस? दुपारभरांत सर्व होतील."

तो म्हणाला, "आजोबा, सगळे एकसारखे रंगवले तर ती फौज वाटत नाहीं, दुकानांतला माल वाटतो. प्रत्येकजण कुणीतरी असायला पाहिजे."

हें वाक्य ऐकून मी कांहीं वेळ गप्प बसलों. यशोधरानें कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य व वर्णिकाभंग. मीं हीं अंगें पाठ केलीं त्यास पन्नास वर्षें होत आलीं. त्यांत रूपभेद पहिला. एका रूपाचें दुसऱ्याहून वेगळेपण ओळखणें हें चित्रकलेचें पहिलें पाऊल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत डोळ्यांचेच पांच आकार दिलेले आहेत, आणि दैत्यदानव कसे काढावे हेंहि तितक्याच आस्थेनें सांगितलें आहे. हें मीं जन्मभर मुलांस शिकविलें. पण ज्या वयांत माझा नातू हें हातानें करीत आहे, त्याहून थोडा लहान असतांना मीं त्याच्या नेमकें उलट केलें होतें, आणि तें सांगितल्यावांचून हें लिखाण प्रामाणिक होणार नाहीं.

ती दिवाळी १९६९ ची. मी नऊ वर्षांचा होतों. वडिलांनीं कुंभाराकडून चाळीस कोरे सैनिक आणून दिले. वीस आपले, वीस अफजलखानाचे. आपल्या वीसांवर मीं तीन दिवस बसलों. कोणास केशरी पागोटें, कोणास पांढरें. बाजी व तानाजी यांच्या मिशांचे आंकडेसुद्धां निराळे. खानाचे वीस मात्र एका तासांत उरकले. सर्वांस एकच हिरवा अंगरखा, एकच काळी दाढी आणि लाल डोळे. ते तसेच असतात अशी माझी खात्री होती. कां, तें मला कोणीं विचारलें नाहीं व मींहि स्वतःस विचारलें नाहीं.

आमच्या आळीच्या टोंकाला एका कोंकणी मुसलमान कुटुंबाचें घर होतें. त्यांचा मुलगा माझा वर्गसोबती. किल्ल्याची माती दरवर्षीं आम्ही दोघे मिळून आणीत असूं, आणि गुहेंतला वाघ रंगविण्याचा मान त्याचा. त्या वर्षीं सर्व मांडून झाल्यावर तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत होता. मग त्यानें हंसत विचारलें, "ह्यांतला मी कुठला रे?"

मी म्हणालों, "तूं कशाला त्यांत? तूं आपल्याकडचा."

तो म्हणाला, "मग आपल्याकडे हिरवा कुठला आहे?"

किल्ल्यावर हिरवा एकहि नव्हता. मला उत्तर सुचलें नाहीं. वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं तें खालीं ठेवलें व मला विचारलें, "महाराजांच्या पायदळाचा सरनोबत येसाजी कंकाच्या आधीं कोण होता?" मला ठाऊक नव्हतें. "नूर बेग," ते म्हणाले. "प्रतापगडाखालीं महाराज खानास भेटावयास गेले तेव्हां बरोबरच्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता. आरमारावर दर्या सारंग व दौलतखान होते. आणि खानाकडून बोलणीं करावयास आलेला वकील कोण? कृष्णाजी भास्कर, आपल्यासारखाच ब्राह्मण. खानाच्या फौजेंत मराठे सरदारहि होते. आतां सांग, तुझ्या हिरव्या डब्यांतून यांतले किती निघतील?"

पुढच्या दिवाळीस सर्व सैनिक नव्यानें रंगवीन असें मीं कबूल केलें. पण पुढची दिवाळी तशी आली नाहीं. १९७० च्या मे महिन्यांत, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशीं, आमच्या गांवांत दंगल उसळली. तिचा इतिहास सर्वांस माहीत आहे. मी तो येथें उगाळीत नाहीं. माझ्यापुरतें इतकेंच कीं, आळीच्या टोंकाचें तें घर रिकामें झालें, माझा वर्गसोबती आईवडिलांबरोबर दुसऱ्या गांवीं नातलगांकडे गेला तो परत आला नाहीं, आणि त्या वर्षीं आमच्या अंगणांत किल्ला झाला नाहीं. नऊ वर्षांच्या मुलाच्या रंगानें गांव पेटत नाहीं हें मला कळतें. पण ज्या मोठ्या माणसांच्या हातून तें पेटलें त्यांनींहि लहानपणीं कोठेंतरी असाच एक डबा उघडला असेल, हा विचार मला अजून सोडीत नाहीं.

हे वीस सैनिक पत्र्याच्या डब्यांत माळ्यावर पडून होते. गेल्या दिवाळीपूर्वीं मीं डबा खालीं काढला. चौदा धड निघाले. नातवास सर्व हकीकत सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं, त्यानें आपले राक्षस बाजूस सारले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलें आणि म्हणाला, "आधीं अस्तर."

आमचे वडील बंधु पंचाहत्तरीचे आहेत. त्यांस हा उद्योग पसंत नव्हता. ते म्हणाले, "अरे, शत्रु हा शत्रूसारखा दिसला पाहिजे. उद्यां पोरांना कळायचं कसं, कोण कुणाकडून लढतोय तें? खान दगा करायलाच आला होता; तें कांहीं पुसून टाकायचं नाहीं."

त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. इतिहास गोड करून सांगणें हीहि एक लबाडीच. खान खानच राहिला पाहिजे. परंतु दोन बाजू ओळखण्यास माणसाची कातडी व दाढी हीच खूण कशाला पाहिजे? नातवानें तोड सुचविली ती मला त्याच्या खेळांतली सर्वांत शहाणी रीत वाटली. "मोठे आजोबा," तो म्हणाला, "आमच्या खेळांत बाजू बैठकीवरून ओळखतात. पायाखालच्या चकतीचा कांठ एका फौजेचा एका रंगाचा, दुसरीचा दुसऱ्या. वरचा माणूस कसाहि असूं दे." दादांनीं चष्मा वर करून एक सैनिक निरखून पाहिला आणि "बघा मग," एवढेंच म्हणाले. त्यांचें समाधान झालें असें मी म्हणणार नाहीं. मात्र तिसऱ्या दिवशीं ते टेबलाशीं येऊन बसले व कृष्णाजी भास्करांचें उपरणें असें नसतें, तसें असतें, यावर नातवाशीं हुज्जत घालूं लागले.

चौदा सैनिकांस आम्हांस अकरा सायंकाळी लागल्या. माझा हात आतां कांपतो. म्हणून अस्तर व मूळ रंग माझे, छाया माझ्या पुतणीच्या मुलीची आणि डोळे नातवाचे. कोणाचा अंगरखा मळका पांढरा झाला, कोणाचा मंजिष्ठी, कोणाचा निळा. दोघांच्या दाढ्या पिकल्या. एकाची बैठक महाराजांच्या बाजूच्या केशरी कांठाची केली व त्यास प्रतापगडाच्या दरवाज्याशीं उभा केला. तो सिद्दी इब्राहिम. खालीं, भिवंडीच्या मुलांनीं विसरूं नये म्हणून, ताटलीभर पाण्यांत एक गलबतहि सोडलें. कारण १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर याच खाडींत महाराजांनीं जहाजें बांधावयास घेतलीं, आणि पोर्तुगीज कारागीरहि त्या कामावर होते.

किल्ला पाहावयास आळींतलीं मुलें आलीं. सिद्दी इब्राहिमाकडे बोट दाखवून "हा चुकून इकडे ठेवला का?" असें तिघांनीं तरी विचारलें. तिघांसहि माझ्या पुतणीच्या मुलीनें उत्तर दिलें. वडिलांनीं मला जें ओसरीवर सांगितलें होतें, तेंच तिनें आपल्या भाषेंत सांगितलें.

या गांवानें तोच धडा मोठ्या प्रमाणावर गिरविला आहे. १९८४ मध्यें येथें पुन्हां रक्त सांडलें. त्यानंतर १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्यांनीं मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस, पोलिसांसह, एका सतरंजीवर नेमानें बसवावयाचें, ही त्यांतली मुख्य युक्ति. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें शेजारची मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली, त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं या समित्यांस दिलें जातें. त्यांत जादू कांहीं नव्हती. ज्याचा चेहरा ठाऊक आहे, ज्याची गुडघेदुखी व ज्याच्या मुलाची परीक्षा ठाऊक आहे, त्याला डब्यांतल्या एका रंगांत बुडवितां येत नाहीं. यशोधराच्या भाषेंत यासहि रूपभेदच म्हणतां येईल.

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः घरांतील आजीआजोबांस, एक सूचना करितों. पुढच्या दिवाळीस रंगविलेली फौज आणावयाची तर खुशाल आणा. पण त्यांतले निदान पांच सैनिक कोरे घ्या, आणि ते शत्रूकडचे घ्या. आपले मावळे मुलें मन लावून रंगवितातच. त्यासाठीं आपली गरज नाहीं. त्या पांचांशीं मात्र त्यांच्या शेजारीं बसा. शीर घांसा, अस्तर द्या, दोन पातळ थर द्या, आणि डोळे शेवटीं उघडा. तें होईपर्यंत त्या प्रत्येकास मुलानें एखादें नांव ठेविलेलें असेल. न ठेविल्यास तुम्ही विचारा, "हा कोण रे?"

आमच्या डब्यांतले सहा सैनिक मोडके निघाले. ते तसेच हिरवे ठेवले आहेत. नातू म्हणतो, प्लास्टर मिळालें कीं त्यांचे हातपाय नवे करूं. पुढच्या दिवाळीस अजून अवकाश आहे; तोंवर होतील.